बारा जगांचं साम्राज्य

माझ्या दुकानातली मोठी कात्री कापडासाठी आहे. कागदाला लावायची नाही. आयोवातल्या कुठल्याही शिवणाऱ्या बाईला विचारा, ती हेच सांगेल. हा कायदा मोडला म्हणून मी माझ्या नवऱ्याला, ऑर्विलला, लग्नाच्या पहिल्याच वर्षी गिऱ्हाइकांसमोर असं काही झापलं होतं की विचारू नका. बिचारा नाताळच्या भेटींसाठी रंगीत कागद कापत होता. त्यानंतर तो गेला त्या दिवसापर्यंत त्यानं त्या कात्रीला हात लावला नाही.

दुकान माझं, लोकरीचं आणि शिवणाचं. मागच्या खोलीत मात्र ऑर्विलचा संसार होता: विमानांची मॉडेलं, रंगांच्या इवल्या बाटल्या, शिशाच्या बोटभर बाहुल्या. तो गेल्यावर ते सगळं विकून टाकायचं मी दर महिन्याला ठरवायचे. विकणार कुणाला, डोंबल? त्या खोलीत कापड बेतायचं माझं लांबलचक टेबल होतं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्या टेबलाभोवती तीन माणसं येऊन बसायची. ऑर्विल होता तेव्हापासूनच यायची. त्यांना हाकलून द्यावं एवढं माझं मन घट्ट नव्हतं.

त्यातला मधे बसणारा व्हर्लिन ऑस्ट्रँडर. रेल्वेच्या रुळांकडेला धान्याची उंच कोठारं आहेत, तिथल्या वजनकाट्यावर तो नोकरीला. मक्याचा ट्रक काट्यावर चढला की खिडकीतून हात बाहेर काढायचा, चिठ्ठी द्यायची, पुढचा ट्रक बोलवायचा. कापणीच्या दिवसांत अख्खी काउंटी त्याच्या खिडकीपुढून जायची आणि त्यातला एकही माणूस दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचा नाही. घरी म्हातारी आई होती. तीही गेली. मग घरी बोलायला फक्त रेडिओ उरला, तोही शेतमालाचे भाव सांगणारा.

पण गुरुवारी हाच माणूस साम्राज्य चालवायचा. एक जण विश्व मांडतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात, काय करायचं ते तोंडानं सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात, असा तो खेळ. मांडणाऱ्याला ते पंच म्हणायचे. यांचं विश्व आकाशातलं, ताऱ्यांमधलं. टेबलावर मधाच्या पोळ्यासारख्या घरांचा कागद पसरलेला, काही घरांत एकेक तारा, ताऱ्याभोवती एकेक जग. व्हर्लिन पंच. काट्यावर तोंड न उघडणारा हा बाबा तिथं एकामागून एक असे आवाज काढायचा, की मी लोकरीचे गुंडे लावता लावता थांबून ऐकत बसायचे.

शेवटी मीच अडकले. एकदा त्यांच्या जहाजाच्या कप्तानानं बंदरावर माल उतरवला आणि मी पुढच्या खोलीतून ओरडले, "अरे, जकात कोण भरणार?" व्हर्लिननं मान वर केली आणि म्हणाला, "ये, मार्लिस. बस. तू राजधानीच्या बंदरातली जकातवाली." तेव्हापासून मी तीच आहे.

बाकी दोघांमधली आयलीन दवाखान्यात नर्स होती. तिनं कप्तान घेतला होता आणि बिनधास्त कुठंही घुसायची. दुसरा लोवेल टेग्टमायर, शाळेत विज्ञान शिकवायचा. उंच, बडबड्या, लिंबाच्या वड्या एकट्यानं फस्त करणारा. व्हर्लिनचा शाळेपासूनचा जिवलग. म्हणजे मी म्हणते जिवलग; ते दोघं असलं काही तोंडावाटे काढतील तर शपथ. त्यांचं प्रेम म्हणजे भांडण, आणि कायमचं भांडण एकच: साम्राज्य केवढं असावं.

"बारा जगं?" लोवेल टेबलावर हात आपटायचा. "बारा? आपल्या काउंटीत याहून जास्त चर्चं आहेत, पंच! साम्राज्य म्हणावं तर निदान दहा हजार जगं पाहिजेत. नाहीतर सरळ म्हण ना, ग्रामपंचायत आहे."

"बारा पुरे."

"का पण?"

"बारा ठिकाणची माणसं मला ओळखू येतात. दहा हजारांची नाही येणार."

"कुणाला ओळखायचंय त्यांना! मोठं असलं की हरवायला जागा असते. बंड करायला जागा असते. राणी इकडं मरते आणि तिकडं सीमेवर तिच्या नावानं लढाया चालूच असतात. याला म्हणतात मजा!"

मजा होती खरी, कारण व्हर्लिनच्या साम्राज्यात टेलिफोन नव्हता, तार नव्हती, काही नव्हतं. हा त्याचा मुख्य नियम. बातमी जहाजाच्या पाठीवर बसूनच जाणार, जहाजापेक्षा भरभर कधीच नाही. सीमेवरच्या माणसानं काही विचारलं तर आधी प्रश्न राजधानीला यायचा आणि मग उत्तर परत जायचं. मधे बसून राहा.

त्यावर एकदा व्हर्लिननं फार वेळ विचार केला. फासे हातात खुळखुळवत होता. मग म्हणाला, "साम्राज्य केवढं असावं सांगू? टोकावरून प्रश्न विचारला, आणि उत्तर परत पोचेपर्यंत विचारणाऱ्याला आपण काय विचारलं होतं ते आठवत असेल, एवढंच. त्याहून मोठं केलं तर ते साम्राज्य नाही. नुसता नकाशा."

"वा रे वा, तत्त्वज्ञ!" लोवेल म्हणाला आणि शेवटची वडी तोंडात टाकली. मी त्याच्या हातावर चापट मारली, ती वडी माझी होती.

मग शेतीचे वाईट दिवस आले. शेतं लिलावात गेली, घरं रिकामी झाली, दवाखान्याचा अर्धा भाग बंद पडला. आयलीन लग्न करून दूर पश्चिमेला, ऑरेगनला गेली. तिच्या शेवटच्या गुरुवारी मला वाटलं, आता हिच्या कप्तानाला एखाद्या लढाईत मारतील आणि विषय संपवतील. व्हर्लिननं तसं केलं नाही. त्यानं कोऱ्या घरांचा एक नवा कागद काढला, नकाशाच्या पश्चिम काठाला चिकटपट्टीनं जोडला, त्यावर नवे तारे मांडले आणि तिची शिशाची बाहुली अगदी टोकाच्या जगावर नेऊन ठेवली. "कप्तानाला बढती. पश्चिम सीमेची सुभेदार." आयलीन हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

तीच रीत पडली. जाणाऱ्याला मारायचं नाही, सुभा द्यायचा. माणूस जेवढं लांब जाईल तेवढं साम्राज्य त्या बाजूला वाढवायचं. आयलीननं पत्रातून दोन-तीन चाली पाठवल्या, मग मूल झालं, मग थांबल्या. बाहुली मात्र तिच्या जगावर उभी राहिली. टेबल पुसताना मी तिच्याभोवतीनं फडकं फिरवायचे.

पुढं आमची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली आणि लोवेलची नोकरी गेली. त्याच्या बायकोचे नातेवाईक खाली दक्षिणेकडं, ॲरिझोनाला होते. गेले तिकडं. व्हर्लिननं दक्षिणेला कागद जोडले, एक नाही, कितीतरी. लोवेलला लांब पाठवायचं म्हणजे मधलं अंतरही भरायला हवं ना. मग त्या मधल्या ताऱ्यांना नावं हवीत, तिथं माणसं हवीत. संध्याकाळच्या संध्याकाळ तो त्या कोऱ्या घरांत माणसं वसवत बसायचा. नकाशा टेबलाच्या दोन्ही कडांवरून खाली लोंबायला लागला. बारा जगंवाल्या माणसाचं साम्राज्य हजारांत गेलं आणि ज्यानं मोठं मोठं म्हणून डोकं खाल्लं होतं, तो बघायला इथं नव्हता.

टेबलापाशी आम्ही दोघंच उरलो. पंच आणि जकातवाली. त्या एवढ्या मोठ्या राजधानीच्या बंदरात माझ्याकडं तपासायला जहाजच यायचं नाही. मी म्हणायचे, "व्हर्लिन, आज काय करू मी?" तो म्हणायचा, "वाट बघ." आणि खरंच आम्ही बघत बसायचो, कॉफी पीत. बाहेर रस्त्यावर एक गाडी जाईल तर शपथ.

एका फेब्रुवारीत, बर्फ दारापर्यंत साचलेलं, गुरुवारी संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. लोवेल.

"काय गं जकातवाली, अजून लाच खातेस का?"

"खाते, पण देणारं कोण उरलंय मेल्या! कसा आहेस?"

"मस्त. इकडं ऊन आहे," तो म्हणाला. त्या मस्तमधली हवा गेलेली होती. नाताळला त्याचं कार्ड आलं होतं, त्यावर त्याच्या एकट्याचीच सही होती, तेव्हाच मला समजायचं ते समजलं होतं. "पंच आहे का?"

व्हर्लिननं फोन घेतला. आमच्या त्या जुन्या फोनमधून दुसऱ्या बाजूचं बोलणं अख्ख्या दुकानाला ऐकू यायचं, त्यामुळं मी कान लावला असं कुणी म्हणू नये.

"पंच," लोवेल म्हणाला, "दक्षिण सीमेच्या सुभेदाराची एक विनंती आहे. त्याला राजधानीला परत यायचंय. कायमचं. तिकडं आता त्याचं कुणी राहिलेलं नाही."

व्हर्लिन फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. मी त्याच्याकडं बघून हातवारे करत होते, बोल ना रे, बोल ना! मग तो अगदी हळू म्हणाला, "हे फोनवर नाही चालत, लोवेल. जहाजानं यायला हवं."

पलीकडं मग लोवेल हसला. "हो, ते आहेच. नियम तो नियम."

"निघालं का जहाज?"

"निघालं समज."

"मग पोचेल," व्हर्लिन म्हणाला. त्यानं फोन ठेवला.

मी जी सुटले! "अरे दगडा! तो खेळातलं बोलत नव्हता! त्याची बायको गेली सोडून, एकटा पडलाय तो, घरी यायचं म्हणतोय, आणि तू जहाजं कसली मागतोस?"

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तो खेळातलं बोलत नव्हता, हे." व्हर्लिन टेबलापाशी गेला आणि खाली लोंबणारा दक्षिणेचा कागद उचलून धरला. "पण विचारलं त्यानं खेळात. सरळ विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं. खेळात विचारलं म्हणजे त्याला उत्तर खेळात हवंय. सरळ उत्तर दिलं तर तो लाजेल, म्हणेल गंमत केली. मी ओळखतो त्याला."

त्यानं सीमेपासून राजधानीपर्यंत घरांवरून बोट फिरवत नेलं, ओठ हलवत जहाजाचे दिवस मोजले. मग म्हणाला, "कापणीच्या सुमारास पोचेल."

"कापणी? आत्ता फेब्रुवारी आहे!"

"लांब आहे तो," व्हर्लिन म्हणाला.

आता हे वेड म्हणायचं की काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी वेडच म्हटलं, त्याच्या तोंडावर म्हटलं. पण त्या वसंतात काय झालं ते ऐका. व्हर्लिननं आईच्या खोलीतला जुना कागद भिंतीवरून खरवडून काढला आणि पिवळा रंग दिला. ती गेल्यापासून ते दार त्यानं उघडलं नव्हतं. डे मॉइन शहरात जाऊन लांब माणसाला पुरेल असा पलंग आणला, गादी आणली. कोठाराच्या मालकाला गाठून हिशेबाच्या खोलीत एक जागा शब्द टाकून अडवून ठेवली. ज्या माणसानं स्वतःसाठी कधी पगारवाढ मागितली नाही, त्यानं हे केलं. आणि गुरुवारी माझ्यासमोर बसून शिशाची एक नवी बाहुली रंगवायला घेतली: प्रवासातून आलेला सुभेदार, हातात पेटी. भिंगातून बघत बघत त्यानं त्या पेटीला कड्या काढल्या.

"हे सगळं त्याला कळव ना रे," मी दर आठवड्याला म्हणायचे. "एक फोन कर."

"जहाज वाटेत आहे, मार्लिस. अजून पोचलेलं नाही. जे पोचलंच नाही त्याला उत्तर कसं देऊ?"

मे महिन्यात मीच न राहवून लोवेलला फोन लावला. म्हटलं, बाई असून या दोन खांबांमधे निरोप्याचं काम करावं. पण तो खांब तर याच्याहून ताठ! ऊन फार आहे, नवी शाळा बरी आहे, तब्येत ठणठणीत. "पंच बरा आहे ना?" एवढं विचारलं. मी म्हटलं, "इकडं यायचं म्हणत होतास ना?" तर म्हणतो, "अगं, ते खेळातलं." घ्या! व्हर्लिननं ओळखलं होतं त्याला, अगदी बरोबर ओळखलं होतं.

ऑक्टोबर आला. मक्याचे ट्रक रांगेनं काट्यावर लागले, गावभर धुरळा आणि भुशाचा वास. कापणीच्या दिवसांत व्हर्लिन काटा सोडून कुठं जात नाही, आईच्या दफनाला गेला होता तेवढाच. पण त्या गुरुवारी उजेड असतानाच माझ्या दारात उभा. दाढी केलेली, नवा सदरा, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. खिशातून ती नवी बाहुली काढली आणि राजधानीच्या घरात उभी केली. माझ्या बंदरात.

"पोचलं जहाज," तो म्हणाला.

मी खरं सांगते, मी सकाळी लिंबाच्या वड्या केल्या होत्या. काही ठरवून नाही, पण केल्या होत्या.

त्यानं नंबर फिरवला. पलीकडं फोन उचलल्याबरोबर गलका ऐकू आला, टीव्ही, भांडी, माणसांचं हसणं, त्यात एका बाईचं.

"लोवेल, राजधानीतून बोलतोय," व्हर्लिन म्हणाला. पाठ ताठ करून उभा होता, शाळेतल्या बक्षीस समारंभात उभा राहावा तसा. "विनंती मंजूर. परत ये."

"कोण? पंच? अरे देवा! थांब हां... अगं, आवाज जरा कमी करा गं तिकडं! हां, बोल. काय मंजूर?"

"विनंती."

"कसली विनंती?"

तो खोटं बोलत नव्हता. लाजूनही बोलत नव्हता. मी इतकी वर्षं जकात घेतेय, माणूस लपवतो तेव्हा मला कळतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या घरात माणसं जेवायला बसली होती, आणि फेब्रुवारी त्याच्या लेखी केव्हाच वितळून गेला होता.

व्हर्लिनचं बोट वायरभोवती गुंडाळायचं थांबलं. "काही नाही," तो म्हणाला. "जुनं काहीतरी. राहून गेलेलं."

"तू अजून खेळतोस? कमाल आहे बुवा! केवढं झालं रे साम्राज्य?"

"मोठं झालं."

"दहा हजार?"

"झालंच असेल जवळपास."

"बघ!" लोवेल खुशीत ओरडला. "मी काय सांगत होतो? आधीच ऐकलं असतंस तर!"

"हो," व्हर्लिन म्हणाला. "इकडं कापणी चालू आहे. ठेवतो."

तो टेबलापाशी येऊन बसला. मी वड्यांची ताटली पुढं ठेवली, त्यानं एक घेतली आणि हातात धरून बसला. मला लोवेलचा राग आला, मग रागवायचं तरी कशाबद्दल म्हणून अजूनच राग आला. सुखात होता तो. सुखात असणं हा काही गुन्हा नाही.

"फार मोठं केलं मी," व्हर्लिन म्हणाला. मग आजूबाजूला बघत म्हणाला, "कात्री आहे का गं?"

गल्ल्यापाशी कागदाची छोटी कात्री होती. ती मी शोधलीच नाही. खुंटीवरची मोठी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं कात्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ऑर्विलचं काय झालं होतं ते त्यालाही ठाऊक होतं.

"काप," मी म्हटलं.

दक्षिण आधी कापली. मग पश्चिम. आयलीनची बाहुली आणि लोवेलचा जुना सुभेदार त्यानं आधी उचलून खिडकीत ठेवले, पडायला नकोत म्हणून. चिकटपट्टीच्या थरांवरून कात्री करकरत गेली. वर्षानुवर्षांची माणसं, त्यांची बंदरं, त्यांच्या लढाया पट्ट्यापट्ट्यांनी माझ्या पायाशी पडल्या. शेवटी टेबलावर पहिला कागद उरला, कॉफीच्या डागांचा. बारा जगं. हातात पेटी घेतलेला सुभेदार माझ्या बंदरात उभा होता. त्याला तो उचलेना, आणि मीही उचल म्हटलं नाही.

"जकातवाली काय करते?" व्हर्लिननं विचारलं.

"समोर पेटी घेऊन माणूस उभा आहे," मी म्हटलं. "त्याला म्हणते, काही भरायचं नाही, आत ये."

त्यानं फासे उचलले, पण टाकले नाहीत. तसाच बसून राहिला आणि मग डोळ्यांना हात लावून रडला. मी त्याला रडू दिलं.

आम्ही अजून गुरुवारी बसतो. त्याच्या घरी ती पिवळी खोली आहे, गादीवरचं प्लास्टिक त्यानं अजून काढलेलं नाही. माझ्या त्या कात्रीनं आता कापड सरळ कापलं जात नाही, दोरे ओढते. धार लावून आणायला पाहिजे, पण मी नेत नाही.